समोर कोण बसतं?

२०२५ साली मराठा आरक्षणाच्या उपोषणानंतर मैदान कधी रिकामं झालं, हायकोर्ट काय म्हणालं, जीआरमध्ये कोणाला काय मिळालं, यावर आठवडाभर काथ्याकूट झाला. मला प्रश्न पडला तो वेगळाच. आझाद मैदानात उपोषणाला बसलेला माणूस बघतो कुणाकडे? एका अंगाला महापालिका आणि सीएसएमटी, दुसरीकडे क्रिकेटच्या खेळपट्ट्या. मंत्रालय तिथून दिसतसुद्धा नाही.

ब्युनोस आयर्सचा प्लाझा दे मायो बघा. चौकाला लागूनच कासा रोसादा, राष्ट्राध्यक्षांचं गुलाबी कार्यालय. त्याची गच्चीच चौकावर उघडते. लष्करी राजवटीने गायब केलेल्या मुलांच्या आया ३० एप्रिल १९७७ रोजी इथे जमल्या. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, उभ्या राहू नका, चालत राहा. बायकांनी हुकूम अक्षरशः पाळला! जोडीजोडीने चौकातल्या स्तंभाभोवती फिरू लागल्या. दर गुरुवारी फेरी, पुढे डोक्याला पांढरे रुमाल. १९८३ साली राजवट गेली, फेरी चालूच राहिली. गावाबाहेरच्या एखाद्या पटांगणात त्यांना जागा ‘नेमून’ दिली असती, तर जनरल निवांत झोपले असते.

मुंबईलाही असा चौक होता. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चेकरी फ्लोरा फाउंटनला जमले, कारण विधिमंडळ तिथून हाकेच्या अंतरावर होतं. गोळीबार झाला, माणसं मेली, चौकाचा हुतात्मा चौक झाला. १९८१ साली विधिमंडळ नरिमन पॉइंटला गेलं. जुन्या वास्तूत आज कोण आहे? राज्य पोलिसांचं मुख्यालय. चौकात मंत्री १ मे रोजी पुष्पचक्र वाहतात. आंदोलनाला मात्र मैदान, माणसं मोजून आणि घड्याळ लावून.

मराठा आंदोलनात मुंबईकरांचे हाल झाले, हे खरंच. पण २०१८ साली नाशिकहून चालत आलेले शेतकरी दहावीच्या पोरांना त्रास नको म्हणून रात्रीच मैदानात पोचले होते. त्यांच्या शहाणपणाचं कौतुक शहराने केलं, ते ‘अपवाद’ म्हणून.

पुण्याजवळच्या मावळातल्या शेतकऱ्याजवळ तर मैदानही नव्हतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊरजवळ ९ ऑगस्ट २०११ रोजी लोक पवना धरणाच्या बंद जलवाहिनीविरुद्ध उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. महामार्गच कशाला अडवायचा, असं तेव्हा शहाण्यासुरत्यांनी विचारलं होतं. वडगावच्या तहसील कचेरीपुढे बसले असते, तर मंत्रालयात कुणाला पत्ता लागला असता?