मार्लबोरो मॅन
मार्लबोरो मॅन ही मार्लबोरो या अमेरिकन सिगारेटच्या जाहिरातींत इ.स. १९५५ पासून वापरली गेलेली पुरुषप्रतिमा होय. उन्हाने रापलेला चेहरा, रुंद काठाची टोपी, घोडा आणि मोकळा माळ ही या प्रतिमेची मुख्य लक्षणे आहेत. शिकागो येथील लिओ बर्नेट या जाहिरातसंस्थेने फिलिप मॉरिस कंपनीसाठी ती तयार केली. रांगड्या पण देखण्या पुरुषाच्या आदिबंधाचे विसाव्या शतकातील सर्वांत परिचित दृश्यरूप म्हणून तिचा उल्लेख केला जातो. ॲडव्हर्टायझिंग एज या नियतकालिकाने विसाव्या शतकातील जाहिरात-प्रतीकांच्या यादीत तिला पहिले स्थान दिले. ही प्रतिमा साकारणाऱ्यांपैकी काही जणांचा मृत्यू धूम्रपानाशी निगडित आजारांनी झाल्याने ती तंबाखूविरोधी चळवळीचेही प्रतीक बनली.

पार्श्वभूमी

फिलिप मॉरिस कंपनीने १९२४ साली मार्लबोरो ही सिगारेट अमेरिकेत प्रामुख्याने स्त्रियांसाठी बाजारात आणली. तिच्या घोषवाक्यात तिच्या सौम्यपणाची तुलना मे महिन्याशी केलेली होती; अमेरिकेत मे हा उन्हाच्या काहिलीचा नव्हे, तर वसंताचा महिना असतो. ओठांच्या लालीचा डाग दिसू नये म्हणून पुढे तिचे टोक लाल रंगातही मिळू लागले.

१९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, तर अमेरिकेत अर्न्स्ट विंडर व एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी धूम्रपान व फुप्फुसांचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे संशोधन प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये रीडर्स डायजेस्टने हा विषय सामान्य वाचकांपर्यंत नेला. धास्तावलेले धूम्रपान करणारे लोक फिल्टर असलेल्या सिगारेटकडे वळू लागले. परंतु फिल्टरची सिगारेट ओढणे बायकी आहे, असा समज पुरुषांत रूढ होता. फिल्टरची मार्लबोरो पुरुषांच्या हाती द्यायची, तर हा समज मोडणे कंपनीला आवश्यक वाटले. १९५४ च्या अखेरीस हे काम लिओ बर्नेट यांच्या संस्थेकडे सोपवण्यात आले. त्या वेळी अमेरिकेच्या सिगारेट बाजारातील मार्लबोरोचा वाटा एक टक्क्याहूनही कमी होता.

प्रतिमेची निवड

पौरुषाचे सर्वांत ठळक प्रतीक कोणते, असा प्रश्न बर्नेट यांनी आपल्या सहकाऱ्यांना विचारला आणि काउबॉय हे उत्तर पुढे आले, असे सांगितले जाते. बर्नेट यांच्यासमोर एक प्रत्यक्ष नमुनाही होता. लाइफ साप्ताहिकाच्या २२ ऑगस्ट १९४९ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर टेक्सासमधील जेए रँच या गुरांच्या विस्तीर्ण कुरणावरील मुकादम क्लॅरेन्स हेली लाँग यांचे छायाचित्र होते. ते लेनर्ड मॅकूम्ब यांनी टिपले होते. लाँग त्या वेळी ३९ वर्षांचे होते. चित्रपटातील नायकासारखा रेखीवपणा त्या चेहऱ्यात नव्हता. ऊन, वारा आणि कष्ट यांच्या खुणा मात्र होत्या. प्रतिमेची पुढील सारी जडणघडण याच भेदावर आधारलेली होती.

काउबॉय हा सुरुवातीला अनेक पर्यायांपैकी एक होता. १९५५ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खलाशी, बांधकाम कामगार, युद्धवार्ताहर असे विविध व्यवसायांतील पुरुषही जाहिरातींत दिसले. त्यांच्यात सामाईक असलेली खूण म्हणजे हाताच्या पाठीवर गोंदलेले चित्र. या पुरुषाला काही भूतकाळ आहे, तो सैन्यात किंवा समुद्रावर राहून आला असावा, असे त्यातून एकही शब्द न लिहिता सूचित होई. १९६३-६४ च्या सुमारास इतर पात्रे मागे पडली आणि ‘मार्लबोरो कंट्री’ या मोहिमेतून काउबॉय व त्याचा प्रदेश एवढेच उरले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींसाठी द मॅग्निफिसेंट सेव्हन (१९६०) या चित्रपटातील एल्मर बर्न्स्टाइन यांचे संगीत वापरण्यात आले.

प्रतिमेची वैशिष्ट्ये

या जाहिरातींतील पुरुष बहुधा प्रेक्षकाकडे पाहत नाही; त्याचे लक्ष घोडा, दोर किंवा क्षितिज यांकडे असते. तो क्वचितच बोलतो. आपण देखणे आहोत याची त्याला जाणीव नसल्याचे भासवले जाते, आणि रांगड्या देखणेपणाचा प्रभाव मुख्यतः या भासावर अवलंबून असतो. सिगारेट ही शौकाची वस्तू न राहता कष्टानंतरच्या विसाव्याचा भाग म्हणून दाखवली जाते.

भासाला सत्याचा आधार मिळावा म्हणून पुढे प्रत्यक्ष काउबॉयांचा शोध घेण्यात आला. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध डॅरेल विनफिल्ड (१९२९–२०१५) होत. वायोमिंग राज्यातील एका रँचवर काम करत असताना १९६८ साली ते जाहिरातसंस्थेच्या दृष्टीस पडले आणि १९८९ पर्यंत या प्रतिमेचा प्रमुख चेहरा राहिले.

ही निवड ऐतिहासिकदृष्ट्या मात्र एकांगी होती. अमेरिकन काउबॉयांची घोडेस्वारी, दोरफास व पोशाख यांची परंपरा मेक्सिकन वाकेरो या गुराख्यांकडून आलेली आहे. एकोणिसाव्या शतकातील काउबॉयांपैकी सुमारे एक-चतुर्थांश कृष्णवर्णीय असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. हे काम अल्प वेतनाचे व हंगामी होते. जाहिरातींतील एकटा, स्वतंत्र आणि गौरवर्णीय पुरुष हे हॉलिवूडच्या पश्चिमपटांनी आधीच रुजवलेले रूप होते.

परिणाम

१९७२ पर्यंत मार्लबोरो ही जगात सर्वाधिक खपणारी सिगारेट बनली. २ जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणी व आकाशवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली. तरीही या प्रतिमेचे फारसे नुकसान झाले नाही. तिला संवादाची गरज नसल्याने ती रस्त्याकडेच्या फलकांवर आणि मासिकांच्या पानांवर तितकीच परिणामकारक ठरली. पुढे काही जाहिरातींत माणूसही दाखवला जात नसे. खोगीर, टोपी किंवा लाल माती एवढ्यावरून वाचक ती ओळखत असत.

मृत्यू आणि टीका

१९७६ साली ब्रिटनमधील थेम्स टेलिव्हिजनने डेथ इन द वेस्ट हा माहितीपट प्रक्षेपित केला. त्यात मार्लबोरोच्या जाहिराती आणि धूम्रपानामुळे आजारी पडलेल्या सहा अमेरिकन काउबॉयांच्या मुलाखती समोरासमोर ठेवल्या होत्या. फिलिप मॉरिसने न्यायालयात धाव घेतल्याने त्याचे पुनःप्रक्षेपण थांबले. १९८२ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्को येथील एका वाहिनीवर दाखवला गेला.

मार्लबोरोच्या प्रसिद्धिसाहित्यासाठी छायाचित्रे दिलेले रोडिओपटू वेन मॅकलॅरन यांना फुप्फुसांचा कर्करोग झाला. त्यानंतर त्यांनी तंबाखूविरोधी प्रचार केला आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभेत जाहिराती मर्यादित करण्याची मागणी केली. १९९२ साली वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींत काम केलेले अभिनेते डेव्हिड मॅकलीन १९९५ मध्ये याच आजाराने मरण पावले. त्यांच्या पत्नीने कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. १९७८ ते १९८१ या काळात ही भूमिका केलेले एरिक लॉसन २०१४ साली श्वसनमार्गाच्या दीर्घकालीन आजाराने निवर्तले.

प्रतिमेचे सामर्थ्य तिच्या अस्सलपणात होते आणि तिच्यावरील सर्वांत परिणामकारक टीकाही त्याच अस्सलपणातून आली. हे चेहरे केवळ चित्रे नव्हते; ती माणसे होती आणि ती आजारी पडू शकत होती. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य विभागाने आपल्या फलकांवर त्याच शैलीतील दोन घोडेस्वार दाखवून त्यांच्या तोंडी फुप्फुसांच्या आजाराची कबुली घातली.

नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतील प्रमुख तंबाखू कंपन्या आणि राज्ये यांच्यात झालेल्या करारानुसार सिगारेटचे जाहिरातफलक एप्रिल १९९९ पर्यंत उतरवण्यात आले. त्यानंतर अमेरिकेतील जाहिरातींत मार्लबोरो मॅनचा वापर थांबला.

कलेतील पडसाद

अमेरिकन कलावंत रिचर्ड प्रिन्स यांनी १९८० च्या सुमारास मासिकांतील मार्लबोरोच्या जाहिरातींची पुन्हा छायाचित्रे काढण्यास सुरुवात केली. मजकूर वगळल्यावर उरणारे चित्र कोणाचे आणि कशाचे, हा प्रश्न त्यांच्या या मालिकेतून पुढे आला. मालिकेतील १९८९ ची एक कलाकृती २००५ साली न्यूयॉर्क येथील क्रिस्टीज या संस्थेच्या लिलावात बारा लाख डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. मूळ छायाचित्रे घेणाऱ्यांचे श्रेय व हक्क यांवरूनही त्या निमित्ताने चर्चा झाली.