घसा आवळतो, चक्कर येते : घाई केव्हा, धीर केव्हा?

‘डॉक्टर, घसा आवळल्यासारखा होतो आणि गरगरते,’ ही तक्रार दवाखान्यात वरचेवर ऐकू येते. तोवर घरच्यांचे निदान झालेले असते. कोणी पित्त म्हणतो, कोणी गॅस, तर कोणी ‘मनाचे खेळ’. वास्तविक ही दोन्ही केवळ लक्षणे आहेत. ती केव्हा आणि कशाच्या जोडीने आली, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

तातडीची कारणे

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, इंजेक्शन घेतल्यावर अथवा शेंगदाणे, कोळंबी असे काही खाल्ल्यावर थोड्या वेळातच घसा आवळू लागला, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि चक्कर आली, तर ती तीव्र अॅलर्जी समजावी. यात रक्तदाब एकाएकी उतरतो. मांडीच्या स्नायूत दिलेले अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन हा त्यावरचा पहिला उपाय. अॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नये. रुग्णाला आडवे निजवावे, चालवू नये. धाप लागत असेल तर बसते ठेवावे.

रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत क्वचित ओठ, जीभ व घसा सुजतो. गोळी अनेक महिने मानवल्यानंतरही असे होऊ शकते.

दुसरे कारण हृदयाचे. हृदयविकारात छातीत दुखलेच पाहिजे असे नाही. विशेषतः मधुमेही, वयस्कर आणि स्त्रिया यांच्यात घसा व जबडा आवळणे, दरदरून घाम आणि चक्कर एवढेच दिसू शकते. जिना चढताना घसा आवळतो आणि थांबल्यावर सुटतो, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही. अशा वेळी सोडा पिऊन बसू नये, ईसीजी काढावा.

नेहमीची कारणे

काळजीने, भीतीने श्वास भराभर चालतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरते. ओठांभोवती, बोटांना मुंग्या येतात, घशाचे स्नायू ताठरतात. हा त्रास खरा असतो; त्याला ढोंग म्हणू नये. सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. पूर्वी कागदी पिशवीत श्वास घ्यायला सांगत. आता तसे करू नये. मात्र तपासणीआधीच ‘टेन्शन’ हा शिक्का मारणे योग्य नाही.

कधी दोन्ही लक्षणांची कारणे वेगवेगळी असतात. घशातला गोळा थुंकी गिळताना जाणवतो, पण जेवताना नाही, असे असेल तर बहुधा आम्लपित्त किंवा ताण. याउलट घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा आवाज तीन आठवडे बसलेला असेल, तर घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच. कूस बदलताना क्षणभर खोली फिरते, ती आतल्या कानामुळे. उठून उभे राहताच अंधारी येते, ती रक्तदाब उतरल्यामुळे किंवा रक्त कमी असल्यामुळे.

डॉक्टरांना काय सांगाल?

त्रास किती वेळ टिकला, त्याआधी काय खाल्ले, कोणते औषध चालू आहे आणि त्या वेळी काय करीत होता, हे लिहून न्यावे. जुन्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि गरजेप्रमाणे ईसीजी व थायरॉइड एवढ्या तपासण्यांत बराच उलगडा होतो.

श्वास घेताना आवाज येणे, ओठ-जीभ सुजणे, घाम सुटून छाती दडपणे, शुद्ध हरपणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.