पाय अडकला, सायकल आडवी!

मुलाने किंवा मुलीने हौसेने चांगली सायकल घेतली, सोबत पेडलमध्ये अडकणारे खास बूट आणले आणि पहिल्याच आठवड्यात सिग्नलला बूट सुटलाच नाही. उभ्या उभ्या सायकल आडवी! कोपर सोलवटले, वर घरच्यांची बोलणी. दोष मात्र बहुधा पेडलचा नसतो. ते बसवण्याचा आणि बुटाच्या मापाचा असतो.

या पेडलला 'क्लिपलेस' म्हणतात. नाव फसवे आहे, कारण बूट त्यात अडकतोच. पूर्वी शर्यतपटू पेडलवर पिंजरा आणि पट्टा लावत. तो पिंजरा म्हणजे टो क्लिप. बर्फावरच्या स्कीला बूट जखडणारी बाइंडिंग बनवणाऱ्या 'लुक' या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये पिंजरा नसलेले पेडल आणले. १९८५ मध्ये बर्नार इनो याने ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली आणि ते जगभर पोहोचले.

बूट सुटत नसेल तर

टाच बाहेर वळवली की बूट सुटायला हवा. सुटत नसेल, तर आधी तळाच्या पट्टीचे, म्हणजे क्लीटचे, स्क्रू पाहा. ते ढिले असले की बूट वळतो, पण क्लीट पेडलमध्येच राहते. अशा वेळी बळजबरी नको; पाय बुटातून काढून उतरा. मग चिखल साफ करा आणि स्क्रू घट्ट करा. पेडलच्या स्प्रिंगचा ताणही सुरुवातीला कमीच ठेवा. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या पेडलच्या जोडीत असे ताणाचे चार स्क्रू असतात. एकच सैल करून भागत नाही.

गुडघा दुखतो, बोटे बधिर होतात?

क्लीट तिरकी बसली की प्रत्येक फेऱ्याला गुडघा पिळवटतो. पाऊल नैसर्गिकपणे जसे पडते, तसाच तिचा कोन हवा. पाऊल थोडे हलू देणारी क्लीट नवशिक्यांना बरी. शिमानोच्या रोड पेडलची पिवळी क्लीट सहा अंश मोकळीक देते, लाल अजिबात देत नाही. बोटांना मुंग्या येत असतील तर पट्टे सैल करा, क्लीट जरा टाचेकडे सरकवा. तरीही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

बूट घेताना

संध्याकाळी खरेदीला जा. तोवर पाय थोडे सुजलेले असतात. नेहमीचे मोजे घालून दोन्ही पायांत बूट चढवा. टाच उचलू नये, बोटे पुढे टेकू नयेत. वाटेत उतरून चालायचे असेल, तर क्लीट तळात खोल बसणारे दोन स्क्रूंचे बूट निवडा. बाहेर आलेली क्लीट फरशीवर घसरते.

आणि हो, रस्त्यावर जाण्यापूर्वी भिंतीला धरून पाय अडकवण्या-सोडवण्याचा भरपूर सराव करा. थांबण्याच्या जरा आधीच एक पाय सोडवायची सवय लागली, की सिग्नलची धास्ती उरत नाही!