पडद्याच्या अलीकडे

विमानातल्या दोन वर्गांमध्ये जो पडदा असतो, त्याची कुळकथा मोठी गमतीची आहे. सत्तरच्या दशकात विमान कंपन्यांनी भाड्यांत सवलती द्यायला सुरुवात केली, विमाने भरू लागली आणि पूर्ण भाडे मोजणारा, कामकाजासाठी हिंडणारा प्रवासी कुरकुरू लागला. शेजारचा सहलवाला निम्म्या पैशांत आला आणि वर त्याचे पोर आपल्या मांडीवर रस सांडते, ही काय तऱ्हा! त्या कुरकुरीतून १९७८-७९च्या सुमारास पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास यांनी मधला वर्ग काढला. म्हणजे 'बिझनेस क्लास' जन्माला आला तो चैनीच्या ओढीने नव्हे, शेजाऱ्याच्या स्वस्ताईवरच्या रागातून. सपाट होणारी खुर्ची त्यात बरीच उशिरा, २०००च्या आसपास आली.

लाउंज त्याहून जुने. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या लागार्डिया विमानतळावर असे दालन उघडले, तेव्हा तिथे तिकिटाने नव्हे, निमंत्रणाने प्रवेश मिळे. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही. रेल्वेच्या वरच्या वर्गाचे प्रतीक्षालय आणि त्यातली वेताची लांबलचक आरामखुर्ची आपण पाहिलेली आहे. रेल्वेने तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द केला. प्रतीक्षालयाच्या दारावरची पाटी राहिलीच.

लेकीने माझ्या गुडघ्यांची दया येऊन लंडनहून परतीचे तिकीट पुढच्या वर्गाचे काढले, त्यामुळे दोह्याच्या हमद विमानतळावरचे लाउंज चार तास उपभोगता आले. भलेमोठे दालन, मधोमध पाण्याचा संथ तलाव, मागाल ते खाणे, निजायला कोपरे, आंघोळीला गरम पाणी. पण तिथे खरी विकली जाते ती शांतता. पाच-सातशे माणसे खाली कुठेतरी आहेत आणि ती आपल्याला दिसत नाहीत, याची किंमत तिकिटात धरलेली असते.

आपल्याकडे देशांतर्गत विमानतळांवर कार्ड घासून दोन रुपयांत आत सोडतात, तेव्हा लोकांना ते फुकट वाटते. माझ्यातला बँकवाला अशा वेळी गप्प बसत नाही. त्या उपम्याचे पैसे बँक लाउंजवाल्याला भरते, आणि बँकेची क्रेडिट कार्डावरची मोठी कमाई येते ती दरमहा किमान रक्कम भरून उरलेल्यावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सोसणाऱ्यांकडून. त्यातले कित्येक विमानात बसतही नसतील.

मी परकीय चलनाच्या काउंटरवर बसत असे, तेव्हा 'फेरा'चे राज्य होते. पी-फॉर्म भरायचा, डॉलर मोजून द्यायचे, पासपोर्टवर रक्कम लिहून शिक्का मारायचा. परदेशी निघालेला माणूस आमच्यासमोर ओशाळून उभा असे. १ जून २००० पासून 'फेमा' आला. २००४ मध्ये २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा मिळाली, आज ती वर्षाला २,५०,००० डॉलर आहे. पैशाला पंख फुटले. माणसाचे तसे नाही. कतारमध्ये २०१८ पर्यंत परदेशी कामगाराला देश सोडून घरी यायलाही मालकाची परवानगी लागे. २०२१ पासून तिथे किमान मूळ वेतन महिना १,००० रियाल ठरले आहे. त्या रकमेशी माझ्या तिकिटाचा हिशेब मी मनातल्या मनात मांडला. आकडा इथे लिहवत नाही.

मुंबईच्या विमानाच्या दारापाशी मात्र सगळे एकत्र येतात. रांगा दोन, बाकडी एकच. शेजारी तिशीतला एक तरुण बसला होता, खेडकडचा. पायांशी दोरीने आवळलेले खोके. माझ्या हातातले मराठी पुस्तक बघून बोलायला लागला.

"काका, तुम्ही वरून आलात ना? तिथं आंघोळीची सोय असते म्हणतात. खरं?"

"असते."

"गरम पाणी?"

"गरम."

त्याने मान हलवली. त्यात हेवा नव्हता, निदान मला दिसला नाही. दिवसपाळी आटोपून तो कामावरून थेट विमानतळावर आला होता. बांधकामाची धूळ केसांत तशीच होती. साडेतीन-चार तासांचे विमान, मध्यरात्रीनंतरची मुंबई, मग पहाटेची कोकणातली गाडी. दोन वर्षांनी घरी चालला होता. त्याला वर नेण्याची सवलत माझ्या तिकिटात नव्हती, आणि असती तरी आता वेळ उरला नव्हता. पुढच्या रांगेला बोलावणे आले. मी उठलो तसे त्याने माझी पिशवी खांद्याला अडकवून दिली.

"मुंबईला उतरलो की बेसिनवरच डोकं धुतो," तो म्हणाला. "आई दारातच उभी असते."