राज्य 224 वर्षांचं, वाचन 245 वर्षांचं

हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात सुमारे 4 कोटी 30 लाख कागद आहेत. मिनिटाला एक, रोज आठ तास, दिवाळीचीही सुट्टी न घेता एकाच माणसाने वाचायला घेतले, तर शेवटच्या कागदापर्यंत पोचायला 245 वर्षं लागतील. निजामांच्या आसफजाही घराण्याने राज्य केलं 224 वर्षं, 1724 ते 1948. मिनिटाला एक हा वेगही मी उदार हाताने धरलाय. बहुतेक कागद फारसी-उर्दूतले. शिकस्त वळणाची एक ओळ लावता लावता चहा गार होतो. एकावर एक रचले, कागदाची जाडी 0.1 मिलिमीटर धरली, तर चवड चार किलोमीटरच्या वर जाईल. औंढ्याजवळ दुधाळ्याला होणाऱ्या लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेची एकेक भुजा साधारण तेवढीच लांब असणार आहे.

हिंगोलीकराला याचं काय? तर हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातली आणि परभणी निजामाच्या राज्यात. 1948 साली राज्य गेलं, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात, आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला. सरहद्दी हलल्या, पण राजधानीचं दप्तर राहिलं राजधानीतच.

या मातीची सगळ्यात नीट जपलेली नोंद तर त्याहून लांब आहे. नर्सीच्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबाच्या 1430 पानांत, गुरुमुखीत आहेत. आदिग्रंथ सिद्ध झाला 1604 साली, नामदेवांच्या समाधीनंतर अडीचशे वर्षांनी, नर्सीपासून तेराशे किलोमीटरवर अमृतसरात. तिथे ती रोज वाचली जातात, म्हणून टिकली.

जिल्ह्यात उरलं काय? औंढ्याचं यादवकालीन देऊळ, आणि कचेऱ्यांतली कपाटं. ही कपाटं 2023 साली एकदम उघडली. मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातले 1 कोटी 72 लाख दस्त तपासल्याचं ऑक्टोबरअखेर सरकारने सांगितलं. नोंदी सापडल्या 11,530. म्हणजे जवळजवळ पंधराशे कागदांमागे एक! कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची पानं, शाळेची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, खासरा पत्रकं. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्याआधी त्यांना कोण विचारत होतं?

आरक्षणाचा वाद इथे नको. मला घोर आहे तो उरलेल्या 1 कोटी 71 लाख 88 हजारांचा. सापडलेल्या नोंदीला आता वारस आहेत, ती कुणी हरवू देणार नाही. बाकीच्यांत कुणाचा जन्म आहे, कुणाचा पटकीने झालेला मृत्यू, कुणाची फिरलेली मालकी. फक्त ते शोधायला कुणी आलं नव्हतं.