आधी मजकूर, मग मांडणी

पनवेल परिसरात तांत्रिक मराठीची गरज कधीच कमी नव्हती. गावात १८७२पासून धूतपापेश्वर कंपनीची आयुर्वेदिक औषधं, शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत, पलीकडे रसायनीची. शिवाय २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८नुसार कारखान्यातल्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्या लागत. अशा सूचनेत दशांशचिन्ह एक घर सरकलं, तर इजा कामगाराला होते. म्हणून असा मजकूर कोणी तपासला आणि कोणत्या टप्प्यावर तपासला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

छपाईच्या खिळ्यांच्या काळात हा क्रम कामाच्या रीतीनंच सांभाळला होता. जुळारी आधी लांबलचक गॅली, म्हणजे पानं न पाडलेला मजकूर, जुळवायचा, तिचं प्रूफ निघायचं, मुद्रितशोधक ते वाचायचा आणि दुरुस्त्या झाल्यावरच पानं बांधली जायची. बांधलेल्या पानात एक ओळ वाढली, तर पुढची पानं सोडवावी लागत. त्या धास्तीनं मजकुराचा निकाल आधीच लागे.

नव्वदच्या दशकात डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं लावणं, आलं आणि धास्ती गेली. पेजमेकर या सॉफ्टवेअरमधल्या पानावरच भाषा सुधारायची, त्याच हातानं चौकट सरकवायची. मराठीला हे फार महागात पडलं. श्रीलिपी, आकृती अशा तेव्हाच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार बसवलेले होते. फॉन्ट बदलला की शब्द मोडायचा. उलटही व्हायचं. परिच्छेद वेगळ्या टायपात घ्यायला ऑपरेटरनं तो सगळा निवडून मराठी फॉन्ट दिला, की आतलं रोमन अक्षरांतलं रासायनिक सूत्र निरर्थक काना-मात्रांत बदलून जाई. भाषेला कोणी हातही लावलेला नसे, तरी मजकूर चुकलेला असे. ती चूक शोधायला संगणकाचीही मदत नव्हती, कारण त्याच्या लेखी तो मराठी मजकूरच नव्हता.

डोनाल्ड क्नूथ यांची टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली १९७८ची, मजकुरात खुणा करण्याचं एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक १९८६चं. मजकूर आणि त्याचं रूप वेगळं ठेवायचा विचार जगात तेव्हाच रुजत होता. आपली सुटका मात्र युनिकोडनं, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणाऱ्या मानकानं, केली. १९९१च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २०००बरोबर रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट संगणकांवर पोचला. छपाईच्या कामात हे मुरायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. पण फॉन्ट कोणताही द्या, ‘क’ हा ‘क’च राहू लागला, आणि साध्या फाइलमध्ये भाषा, एककं, आकडे तपासून मग ती मांडणीला देणं मराठीतही शक्य झालं.

घोटाळा अजून होतो तो शेवटच्या क्षणी. छपाईच्या आदल्या दिवशी सापडलेली दुरुस्ती फक्त लावलेल्या पानात केली जाते, मूळ फाइल तशीच राहते आणि पुढच्या आवृत्तीत जुना, चुकीचा आकडा पुन्हा छापला जातो. म्हणून तशी दुरुस्ती मी आधी मूळ फाइलमध्ये करून घेतो, त्यासाठी पान नव्यानं लावावं लागलं तरी.