सहामाहीचे पाच डॉलर

अमेरिकेने सौर आणि पवन ऊर्जेच्या करसवलती आवरत्या घेतल्या, त्यावर आतापर्यंत भरपूर लिहून-बोलून झालं आहे. चर्चा झाली ती मुख्यतः कंपन्यांची. तिथल्या विद्यापीठांना बसलेल्या फटक्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. २०२२ च्या कायद्यामुळे कर न भरणाऱ्या शिक्षणसंस्थांनाही प्रकल्पाच्या खर्चातला साधारण ३० टक्के वाटा सरकारकडून थेट मिळू लागला होता. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या नव्या कायद्याने त्याला मुदत घातली. ४ जुलै २०२६ नंतर काम सुरू झालेला सौर किंवा पवन प्रकल्प २०२७ संपायच्या आत कार्यान्वित झाला नाही, तर हा वाटा मिळणार नाही.

मग कॅम्पसवरच्या हरित ऊर्जेचं काय? या प्रश्नाचं एक उत्तर वॉशिंग्टनपासून दूर, विद्यार्थ्यांच्या फीच्या बिलात सापडतं.

एप्रिल २००० मध्ये बोल्डर इथल्या कोलोरॅडो विद्यापीठात विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःची फी सहामाहीला एका डॉलरने वाढवून घेतली. त्या पैशातून पवनऊर्जा विकत घ्यायची असं ठरलं. वीज कंपनी पवनविजेसाठी जो जादा दर लावत होती, तो या डॉलरमधून भरला गेला. तेव्हा पवनविजेला गिऱ्हाईक मिळणं मुश्कील होतं, त्यामुळे या डॉलरचं मोल मोठं होतं. पण पवनचक्की कुठेतरी दूर माळावर, आणि कॅम्पसच्या तारांतून येणारी वीज नेहमीचीच. वीज ‘हरित’ असल्याचा हक्क तेवढा कागदावर विकत घेतलेला. आज पवन आणि सौर वीज स्वस्त झाली असताना विद्यार्थ्यांचे पैसे नुसत्या प्रमाणपत्रांवर खर्च करण्यात अर्थ उरलेला नाही. जे आवारात उभं राहतं, ज्याचं मीटर वाचता येतं, तिकडेच ते जायला हवेत.

नॉर्थ कॅरोलायनातल्या बून गावाने तेच केलं. आणि बूनला पवनचक्कीची जुनी, कडू आठवण होती.

१९७९ मध्ये अमेरिकी ऊर्जा खातं आणि ‘नासा’ यांनी या डोंगराळ गावावरच्या हॉवर्ड्स नॉब नावाच्या माथ्यावर ‘मॉड-१’ ही पवनचक्की उभी केली. दोन पाती, ६१ मीटर व्यासाचं चक्र, क्षमता दोन मेगावॉट. त्या काळातली जगातली सर्वांत मोठी. चक्र फिरू लागलं आणि खालच्या खोऱ्यातल्या काही घरांतून तक्रारी सुरू झाल्या. काहीतरी धडधडतंय, खिडक्यांची तावदानं हादरतायत. तक्रार करणारी कुटुंबं मूठभरच होती. त्यांना भास होतोय असं म्हणून विषय संपवणं सोपं होतं.

ते झालं नाही, याचं श्रेय नील केली यांना द्यायला हवं. कोलोरॅडोतल्या सौरऊर्जा संशोधन संस्थेचे हे शास्त्रज्ञ तक्रारीच्या मुळाशी गेले. ‘मॉड-१’चं चक्र वाऱ्याच्या दिशेने पाहिलं तर मनोऱ्याच्या मागे होतं. म्हणजे वारा आधी मनोऱ्याच्या पोलादी खांबांमधून जायचा आणि फुटलेला, मंदावलेला असा पात्यांपर्यंत पोचायचा. प्रत्येक पातं त्या आडोशातून जाताना त्यावरचा भार क्षणात बदलायचा आणि हवेत एक ठोका उमटायचा. मिनिटाला ३५ फेरे आणि दोन पाती, म्हणजे मिनिटाला ७० ठोके. त्यांतला बराचसा भाग कानाला ऐकू येण्याच्या मर्यादेखालचा, पण घरांच्या खोल्या त्याला प्रतिसाद द्यायच्या. डोंगरांची ठेवण आणि हवेचे थर यांमुळे आवाज वळून नेमक्या काही घरांवर एकवटायचा, म्हणून शेजारच्यांना काहीच जाणवत नसे. उपाय म्हणून फेरे मिनिटाला २३ वर आणले गेले. जानेवारी १९८१ मध्ये यंत्रातले बोल्ट तुटले आणि १९८३ मध्ये सगळा सांगाडा उतरवण्यात आला. केली आणि सहकाऱ्यांचा सविस्तर अहवाल १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या मोठ्या पवनचक्क्यांचं चक्र मनोऱ्याच्या पुढे आणि मनोरा नळकांड्यासारखा गोल असतो, त्यामागे अशा अनुभवांचा मोठा वाटा आहे.

याच गावातल्या अ‍ॅपलेशियन स्टेट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००४ मध्ये सहामाहीला पाच डॉलर जादा फी स्वतःवर बसवून घेतली. पैसे कशावर खर्च करायचे ते विद्यार्थ्यांची समिती ठरवणार. तेव्हाच्या विद्यार्थिसंख्येच्या हिशेबाने वर्षाला दीड लाख डॉलरच्या आसपास रक्कम जमायची. २००९ मध्ये या निधीच्या आधारे आवारात १०० किलोवॉटची पवनचक्की उभी राहिली. तीन पाती, चक्र मनोऱ्यापुढे, आत गिअरबॉक्सच नाही. नॉर्थ कॅरोलायनातली ती तेव्हाची सर्वांत मोठी पवनचक्की होती, तरी क्षमतेने ‘मॉड-१’च्या विसाव्या हिश्श्याइतकी. विद्यापीठाच्या एकूण विजेत तिचा वाटा किरकोळच. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजने २००४ मध्येच उभारलेली पवनचक्की १.६५ मेगावॉटची, पण तिचा मुख्य भार कॉलेजने उचलला होता. पाच-पाच डॉलरनी एवढी मजल मारता येत नाही, हे मान्यच करायला हवं. मात्र ज्या गावाने एक पवनचक्की उतरताना पाहिली होती, तिथे दुसरी उभी करायला केंद्र सरकार नव्हे, विशीतली मुलं पुढे आली. किलोवॉटच्या हिशेबात ही गोष्ट बसत नाही.

पाच डॉलर सगळ्यांना सारखे हलके नसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याची सोय नियमातच केली आहे. विद्यार्थ्यांनी मतदानाने लावून घेतलेल्या अशा फीचा किमान पाव हिस्सा गरजू विद्यार्थ्यांच्या मदतनिधीकडे वळवावा लागतो. बर्कलीत २००७ मध्ये मंजूर झालेला हरित निधी याच चौकटीत चालतो.

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या छपरांवरही आता पॅनेल दिसतात. बऱ्याच ठिकाणी गुंतवणूक खासगी कंपनीची असते आणि महाविद्यालय युनिटमागे ठरलेला दर देतं. व्यवहार चोख आहे, त्यात विद्यार्थी मात्र कुठेच नाही. आपल्याकडे फीच्या पावतीवरची एकही ओळ विद्यार्थ्यांच्या मताने आलेली नसते. खुल्या विद्यार्थी निवडणुका राज्यात १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी त्या पुढेच ढकलल्या जात राहिल्या. अशा स्थितीत फीवर मतदान मागणं लांबची गोष्ट वाटेल. पण एखाद्या प्राचार्यांना आजही एवढं नक्कीच करता येईल: छपरावरच्या पॅनेलमधून महिन्याला किती युनिट वीज आली, तिचा दर काय पडला आणि वाचलेले पैसे कुठे गेले, हे सूचना फलकावर लावावं आणि त्या पैशांतला निदान एक हिस्सा कशावर खर्च करायचा हे विद्यार्थ्यांना ठरवू द्यावं.